भुताला अंग देताना: अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

नव्याने अद्भुतकथा किंवा भयकथा लिहायला घेतलेल्या बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात भुताचं दणदणीत वर्णन असतं. लालभडक डोळे, मोकळे सोडलेले केस, पांढरी साडी. परदेशी वळणाची कथा असेल तर शिंगं आणि जळती तलवार. वर्णन छान जमतं. पुढे मात्र हेच भूत एका पानावर भिंतीतून आरपार जातं, दुसऱ्या पानावर दाराची कडी वाजवतं आणि तिसऱ्या पानावर नायकाने काठी हाणली की कळवळतं. वाचक पुस्तक मिटत नाही, पण त्याची भीती तिथेच संपते. जे वाटेल ते करू शकतं, त्याच्यापासून लपायचं कुठे आणि पळायचं कुणीकडे, हे प्रश्नच उरत नाहीत. आणि हे प्रश्न गेले की भीती गेली.

म्हणून या लेखात भुताच्या दिसण्याबद्दल कमी आणि त्याच्या अंगाबद्दल जास्त बोलायचं आहे. अंग म्हणजे मर्यादा. ते कशाचं आहे, किती जड आहे, कशाने दुखतं, कुठवर पोचतं, हे लेखकाला पक्कं ठाऊक असेल तर निम्मं कथानक आपोआप सुचतं.

पहिली पायरी: तीन नकार

वर्णनाचा एकही शब्द लिहिण्याआधी कोऱ्या कागदावर तीन वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्य ‘याला अमुक करता येत नाही’ असं असू द्या. उंबरठा ओलांडता येत नाही. स्वतःहून बोलता येत नाही, कुणी विचारलं तरच बोलता येतं. कोरड्या जमिनीवर टिकता येत नाही. काहीही चालेल, पण नकार खरा हवा. म्हणजे शेवटच्या प्रकरणात अडचण आली तरी तो मोडायचा नाही.

आपल्याकडच्या लोकसमजुतींनी हे काम फार आधी करून ठेवलं आहे. मुंज्याचा पिंपळ ठरलेला असतो. गिऱ्हा पाण्यातला, त्याची सत्ता नदीच्या डोहात, विहिरीत, तळ्यात. आसरांचं ठिकाण पाणवठ्यावर. समंध आपल्या पुरलेल्या धनाभोवती घुटमळतो. दिवेलागणीनंतर कुठल्या वाटेने जायचं नाही, कुठल्या झाडाखाली थांबायचं नाही, कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, हे सगळं गावातल्या पोराला पाठ असतं. या गोष्टींतली भीती इतकी वर्षं टिकली ती त्यामुळेच. ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी नियम असतो, आणि तो चुकून मोडेल ही धाकधूक असते.

नकार तीनच का, असं कुणी विचारेल. दहा लिहिले तर वाचकाच्या लक्षात राहत नाहीत आणि एकच लिहिला तर शेवट पहिल्याच प्रकरणात ओळखता येतो. तीन पुरतात.

दुसरी पायरी: ते कशाचं बनलंय?

इथे घाई करू नका. जगभरच्या कथा-परंपरा पाहिल्या तर ढोबळमानाने तीन वाटा दिसतात: उसनं अंग, स्वतःचं विरळ अंग, आणि अंगच नसणं. तिन्ही वाटांचे हिशेब वेगवेगळे आहेत.

उसन्या अंगाचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे वेताळ. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याची गोष्ट आहे आणि पुढे मराठीतही ती घरोघरी पोचली. राजा रात्री स्मशानात जातो. शिंशपाच्या झाडाला एक प्रेत लटकलेलं आहे. तो वर चढतो, दोर कापतो आणि प्रेत खाली पाडतो. पडल्याबरोबर ते लागल्यासारखं ओरडतं. राजाला वाटतं, अरे, हा तर जिवंत आहे. तो खाली उतरतो आणि कळवळून त्याचं अंग चोळायला लागतो. आणि मग ते प्रेत हसतं.

हा प्रसंग सावकाश वाचा. भयकथेतलं फार मोठं शिक्षण त्यात आहे. वेताळाचं रूप कसं आहे, हे सोमदेव सांगत बसत नाही. दोर, पडणं, ओरडणं, चोळणारे हात, हसू. राजाचा हात त्या अंगावर आहे आणि तो दयेने ठेवलेला आहे, म्हणून ते हसू इतकं अंगावर येतं. पुढची सगळी कथाही याच अंगातून निघते. प्रेताला वजन आहे, म्हणून ते खांद्यावर वाहून न्यावं लागतं. वाट लांब आहे, म्हणून गोष्टी सांगायला वेळ मिळतो. वेताळाचं हत्यार त्याची जीभ आहे, आणि राजाने उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं की प्रेत पुन्हा झाडावर. वेताळाला उडता आलं असतं, राजाचा गळा दाबता आला असता, तर गोष्ट एका पानात संपली असती.

तुम्ही उसन्या अंगाची वाट घेतलीत तर मृतदेहाबद्दल थोडं वाचून ठेवा. मृत्यूनंतर काही तासांत अंग ताठरू लागतं, साधारण बारा तासांत पुरतं ताठ होतं, आणि आपल्या उष्ण हवेत दुसऱ्या दिवशी ती ताठरता उतरू लागते, कुजणं सुरू होतं. म्हणजे भूत कुठल्या तासाला आत शिरलं यावर त्याची चाल ठरेल. बाराव्या तासाला शिरलेल्याला गुडघा वाकवता येणार नाही. दुसऱ्या रात्री शिरलेला सहज चालेल, पण त्याच्या आधी त्याचा वास दारात पोचेल. आणि मुख्य म्हणजे अंग टिकणार नाही. दोन-चार दिवसांत नवं शोधावं लागेल. बघा, खलनायकाला घाई लागली. कथेला घड्याळ मिळालं.

दुसरी वाट विरळ अंगाची. कुराणात जिन्नांची उत्पत्ती निर्धूम अग्नीपासून सांगितली आहे. ते दिसत नाहीत, पण परंपरेत ते खातात-पितात, संसार करतात, मरतात. हदीसमध्ये हाडं हे त्यांचं अन्न म्हटलं आहे. अंग आगीचं आणि तरी भूक माणसासारखी, हे मिश्रण विलक्षण आहे. इंग्रज कवी जॉन मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये, म्हणजे १६६७ साली छापलेल्या महाकाव्यात, आणखी एक बारकावा आणला. स्वर्गातल्या युद्धात सैतानाच्या कुशीत तलवार घुसते. त्याचं अंग सूक्ष्म द्रव्याचं असल्यामुळे जखम लगेच मिटते. पण मिटण्याआधी दुखते, आणि दुखणं म्हणजे काय हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं. ज्याला मरण नाही त्यालाही वेदना द्यायची, ही युक्ती उचलण्यासारखी आहे. न मरणारं भूत लिहिताना नवे लेखक हमखास एका भिंतीवर आपटतात: याला हरवायचं कसं? पण हरवण्याआधी त्याला नको वाटेल असं काहीतरी असणं पुरतं.

विरळ अंगाच्या बाबतीत काही साधे प्रश्न स्वतःला विचाराच. भिंतीतून आरपार जातं, तर जमिनीतून खाली का पडत नाही? पूर्ण पारदर्शक असेल तर त्याला दिसतं कसं, कारण डोळ्यात प्रकाश थांबलाच नाही तर प्रतिमा उमटणार कुठे? माणसाला उचलून फेकतं, तर स्वतः कशावर रेटा देऊन उभं राहतं? उत्तर कथेत छापायची गरज नाही. पण ते तुमच्याजवळ असेल तर दृश्यं आपोआप वेगळी होतात. पारदर्शक भुताला डोळे नाहीत असं ठरलं, तर ते ऐकून शोधतं. मग घरातल्या तान्ह्या बाळाला रडू द्यायचं नाही, हा त्या रात्रीचा प्रश्न झाला.

तिसरी वाट सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात कमी वापरलेली. चकवा घ्या. चकव्याला तोंड नाही, हात नाहीत, उंची नाही. रात्री शेतातून परतणारा माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि उजाडतं तेव्हा आपल्याच बांधावर उभा असतो. चकवा म्हणजे फक्त एक घडणं आहे. त्याला तुम्ही चेहरा दिलात की तो मेला. शनिवारवाड्याची आख्यायिकाही याच जातीची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, आणि तेव्हापासून रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक येते असं लोक सांगतात. तीन शब्दांपलीकडे त्या भुताजवळ काहीही नाही. ते कुणाला धरत नाही, शाप देत नाही. ऐकणाऱ्याला मदत करता येत नाही, एवढंच. अंगाशिवाय लिहायचं असेल तर एकच कृती निवडा आणि ती पुन्हापुन्हा घडू द्या.

तिसरी पायरी: एक भूत बांधून बघू

नियम वाचून हात बसत नाही, म्हणून आपण एक भूत मिळून बांधू. जागा कोकणातल्या खाडीकाठची घेतो. एका बाजूला खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारा चिखलाचा पट्टा आणि त्यातली तिवरं. दुसऱ्या बाजूला भातशेती. मधे मातीचा बांध, आणि बांधात एक उघाडी: ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडणारी, भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणारी झडप.

भूत चिखलाचं. नाव देऊ नका. गावातले लोक अशा गोष्टीचं नाव घेत नाहीत, ‘खालचं’ म्हणतात आणि विषय बदलतात. नकार तीन. कोरड्यावर टिकता येत नाही, सुकलं की भेगा पडतात. भरतीच्या वाहत्या पाण्यात आकार धरता येत नाही, विरघळतं. आणि नुसत्या चिखलाला उभं राहता येत नाही. आत काहीतरी टणक लागतं. मुळं, जुनं जाळं, हाडं.

आता फक्त समुद्राचा हिशेब मांडा. किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण: पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग: चढउतार कमी. दर्यावर जाणारे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला बाराच्या आगेमागे. मग अमावास्येला तळ गाठणारी ओहोटी कधी? सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. म्हणजे महिन्यातला सगळ्यात मोठा उघडा चिखल नेमका अमावास्येच्या तिन्हीसांजेला समोर येतो.

हे हाती लागल्यावर पुढचं लिहिणं किती सोपं होतं पाहा. ‘अमावास्येच्या तिन्हीसांजेला बाहेर पडू नये’ हे आजीचं वाक्य आता तुमच्या कथेत नुसती परंपरा राहिलं नाही, त्याला कारण मिळालं. भुताला पोचायला किती जागा आहे हे तिथीप्रमाणे बदलतं. वाचकाने पंचांग उघडलं तरी तुमची कथा खोटी पडणार नाही. आणि बांधापलीकडे गावात शिरायचं तर त्याला एकच वाट: उघाडी. ती झडप दगड अडकून किंवा दुरुस्तीअभावी अर्धवट उघडी राहिली की खारं पाणी शेतात शिरतं, शेत नासतं. हे खरोखर घडतं. बांध फुटलेल्या कित्येक शेतांत आज तिवरं उभी आहेत. आता गोष्ट केवळ भुताची राहिली नाही. झडपेची डागडुजी कुणी टाळली, शहरात गेलेल्या भावाने वर्गणी का दिली नाही, शेवटचा राखण्या कधी मेला, हे सगळं तिच्यात आलं. तुम्ही ओढूनताणून काहीही आणलेलं नाही. चिखलाला हे सगळं लागतंच.

त्याची वाढही त्याच्या अंगातूनच काढा. पहिल्या महिन्यात त्याला आत तिवराची मुळं आहेत, म्हणून ते सरपटतं. मग एक बकरी हरवते. पुढच्या उधाणाला ते चार पायांवर आहे. यापुढचं मी सांगायला नको.

चौथी पायरी: अंगाआधी खुणा

अंग पक्कं ठरलं की ते लगेच दाखवायची घाई करू नका. आधी त्याच्या खुणा येऊ द्या. लोककथांतलं उलट्या पावलांचं भूत एवढं टिकलं, कारण ती खूण वाचकाला कामाला लावते. सारवलेल्या खळ्यावर पावलं उमटली आहेत, घरापासून दूर जाणारी. म्हणजे ते गेलं. की आत आलं?

सिंधुदुर्गात, वेंगुर्ला तालुक्यात आरवली गाव आहे. तिथला वेतोबा हा गावाचा राखणदार देव. त्याला भूत म्हणायचं नाही, आणि लिहिताना तो आदर राखायचा. भाविक त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो आणि वहाणांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा आहे. लेखक म्हणून मला या श्रद्धेचं फार अप्रूप वाटतं. देवाला कुणी चालताना पाहिलं असं सांगायची गरजच पडत नाही. झिजलेला तळ पुरेसा आहे. त्यात वजन आलं, अंतर आलं, रोजचा नेम आला.

आपल्या खाजणातल्या भुताची खूण कशी असेल? पाऊल नाही, कारण पाय ठरलेले नाहीत. पहाटे बांधावर आलेल्या बाईला काय दिसेल, ते असं लिहिता येईल:

‘चिखलावर पाऊल नव्हतं. पण तिवरांपासून उघाडीपर्यंत एक पट्टा गेला होता, दीडेक हात रुंद, घोटून गुळगुळीत केलेला. एरवी या वेळेला निवट्या उड्या मारायच्या. आज एकही नव्हती. तिने वाकून पाहिलं. पट्ट्यातली खेकड्यांची सगळी बिळं लिंपलेली होती. आतून.’

शेवटचा शब्द काढून बघा. दृश्य तेच राहतं, भीती जाते. आणि तो शब्द सुचला तो भुताचं अंग कशाचं आहे हे ठरलेलं होतं म्हणून. वासही विसरू नका. खाडीच्या चिखलाला कुजलेल्या अंड्यासारखा दर्प असतोच, काठावरच्या माणसाला तो जाणवतही नाही. म्हणून इथे वास येणं ही खूण होणार नाही. एखाद्या संध्याकाळी तो दर्प माजघरात आला, तर होईल.

पाचवी पायरी: भूक आणि मार

प्रत्येक वाईट शक्तीला काहीतरी लागतं. कोकण-गोव्यात देवचाराला, राखणदाराला रोट देतात, विडी देतात, कुठे दारूही ठेवतात. न दिल्यास तो रागावतो. या देण्याघेण्यात सौदा असतो, आणि जिथे सौदा आहे तिथे माणूस फसवू शकतो, विसरू शकतो, लबाडी करू शकतो. तुमच्या भुताला काय लागतं ते ठरवा आणि ते अंगाशी जोडा. ‘आत्मे खातं’ असं मोघम लिहून भागत नाही. आत्मा खाल्ल्यावर त्याच्यात काय बदलतं, हे दिसायला हवं.

मारामारीबद्दल थोडक्यात. देवीमाहात्म्यातला रक्तबीज आठवा. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तितक्याच ताकदीचा नवा असुर उभा राहतो. म्हणजे जितकं जोरात मारावं तितकं संकट वाढतं. शेवटी काली ते रक्त जमिनीवर पडूच देत नाही, पिऊन टाकते. युद्धाचा निकाल बळावर लागला नाही, अंगाच्या नियमावर लागला. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या १९५४ साली आलेल्या कादंबरीत बॅलरॉग नावाचा अग्नीचा दैत्य आहे. तो खोल पाण्यात पडतो आणि त्याची आग विझते. एखाद्याने तिथेच त्याला मारलं असतं. टॉल्किन तसं करत नाही. आग विझल्यावर तो बुळबुळीत आणि आवळून टाकणारा होऊन लढतच राहतो. एक अवस्था हरली म्हणून अंग संपलं असं नाही, ते दुसऱ्या अवस्थेत गेलं. आपल्या चिखलाच्या भुताला उन्हात सुकवलं, तर भेगा पडून ते मेलं, की त्याची धूळ झाली आणि वाऱ्यावर गावभर पसरली? हा निर्णय तुमचा, पण तो पहिल्या प्रकरणाच्या आधी घ्या.

सहावी पायरी: माणसाच्या अंगात शिरणारं

अंगात येणं, झपाटणं, बाधा: मराठी वाचकाच्या ओळखीची ही दृश्यं. इथे भुताचं अंग म्हणजे खऱ्या माणसाचं अंग आहे, हे लिहिताना क्षणभरही विसरू नका. आवाज भुताचा असेल, पण घसा त्या मुलीचा आहे. रात्रभर किंचाळल्यावर तो सकाळी बसणार. नखं तुटली तर तिची तुटली. पाणी न पिता चार तास घुमली तर चक्कर तिला येणार. भूत निघून गेल्यावर अंगावर उरतं काय, हे लिहिणारे फार थोडे. तेच लिहा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भूत उतरवायच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे आपल्याकडे प्रत्यक्ष घडत आलं आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत या गोष्टी नावानिशी गुन्हा म्हणून लिहिल्या आहेत. तुमच्या कथेत भूत खरं असेल. कथेच्या जगात ते असायला काहीच हरकत नाही. पण मारहाणीने भूत पळालं आणि सगळं छान झालं, असा प्रसंग लिहू नका. कथेतही मार अंगालाच लागतो, आणि अंग माणसाचं आहे.

सातवी पायरी: हे भूत कुणाचं?

बाळंतपणात किंवा बाळंतिणीच्या दहा दिवसांत मेलेल्या बाईची हडळ होते, अशी समजूत. पुढून भरलेली, मागून नुसता सांगाडा, असं तिचं वर्णन करतात. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. विधवेची लावसट होते. नीट पाहिलं तर ही यादी ज्यांचं आयुष्य अर्ध्यावर तुटलं त्यांची आहे, आणि समाजाने ज्यांना जिवंतपणी बाजूला ठेवलं त्यांचीही. काही भुतं तर विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या माणसांची म्हणून सांगितली जातात. परंपरेतलं नाव उचलताना त्याच्या पोटातलं हे ओझंही सोबत येतं. ते डोळे मिटून उचलू नका. बाळंतपणात मेलेल्या बाईला विद्रूप करून पोरांना घाबरवायचं, यात आज मला तरी काही लिहिण्यासारखं दिसत नाही. पण तिची पाठ सांगाड्याची का, ती कुणाकडे पाठ करत नाही आणि का, असा विचार सुरू केला की जुन्याच अंगातून नवी कथा निघते.

शेवटची पायरी: भाषेतले खड्डे

भूत नाकात बोलतं, ही समजूत जुनी. म्हणून काही जण भुताच्या संवादात प्रत्येक अक्षरावर अनुस्वार देतात. लहान मुलांच्या गोष्टीत ते गोड लागतं, मोठ्यांच्या कथेत हसू येतं. एकदा सांगा की आवाज नाकातून येत होता, आणि पुढचे संवाद साध्या मराठीत लिहा.

‘जणू’ आणि ‘सारखं’ जपून वापरा. बॅलरॉगला पंख आहेत की नाहीत, यावर टॉल्किनचे वाचक अजून वाद घालतात, कारण लेखकाने आधी त्याची सावली पंखांसारखी पसरली असं म्हटलं आणि थोड्या ओळींनंतर सरळ पंख असा शब्द वापरला. एवढ्या मोठ्या लेखकाला हे शोभून जातं. नवख्याने उपमा द्यायची तर ती उपमाच ठेवावी. अद्भुतकथेत वाचक प्रत्येक वाक्य शब्दशः घ्यायला तयार असतो. ‘त्याचे डोळे पेटले’ असं लिहिलंत तर तो धूर शोधेल.

सर्वनामही ठरवून घ्या. तो, ती की ते? मराठीत हा निर्णय पहिल्याच क्रियापदाला घ्यावा लागतो. बाईच्या मृतदेहात शिरलेलं भूत नवऱ्याच्या नजरेत ‘ती’ असेल, सासूच्या नजरेत ‘ते’. कुठल्या वाक्याला नवराही ‘ते’ म्हणू लागतो, ती तुमच्या कथेतली मोठी घटना ठरू शकते.

खर्डा पूर्ण झाला की एखाद्या चोखंदळ वाचकाला द्या. कथा आवडली का, हे विचारू नका. विचारा: या भुतापासून आज रात्री वाचायचं असेल तर तू काय करशील? त्याने तुमच्या तीन नकारांपैकी दोन तरी स्वतःहून सांगितले, तर अंग उतरलं आहे. ‘माहीत नाही, ते कुठूनही येईल’ असं म्हणाला, तर भूत पहिल्यांदा दिसतं ते पान उघडा आणि तिथून पुन्हा लिहायला घ्या.